अर्धं तिकीट झालं, मुक्कामाचं काय?

बावीस वर्षांच्या संसारात मी एका खोलीत एकटी अशी कधी झोपलेच नव्हते. माहेरी बहिणी होत्या. सासरी आले तर ‘हे’, मग मुलं. मुलं मोठी झाली तर आत्याबाईंना रात्री कुणीतरी जवळ लागतं म्हणून त्यांच्या खोलीत. कुणाच्या लग्नाला गेलं तरी कार्यालयात सतरंजीवर पंचवीस बायकांच्या रांगेत! त्यामुळं गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका हॉटेलात एकटीनं काढलेल्या रात्रीबद्दल लिहायचं म्हटलं, तेव्हा घरातूनच पहिला प्रश्न आला, ‘‘त्यात काय लिहिण्यासारखं आहे?’’

आहे, म्हणून तर लिहितेय.

झालं असं. धाराशिव तालुक्यातल्या बचत गटांचं काम मी गेली चौदा-पंधरा वर्षं करते. त्याच कामाची दोन दिवसांची कार्यशाळा पुण्यात होती. पहिल्या दिवशी सकाळी नऊला हजर राहायचं. इथून पुणं म्हणजे एसटीनं सहा-सात तास. आदल्या दिवशी निघाल्याशिवाय इलाज नाही. एरवी पुण्याला गेले की मी हडपसरला चुलत बहिणीकडं उतरते. पण नेमकी त्याच आठवड्यात तिच्या सासरी मयत झाली आणि घराला कुलूप. दुसरं कुणाकडं आयत्या वेळी जाणं बरं दिसत नाही. मुलगा म्हणाला, ‘‘आई, हॉटेलवर राहा की! मी मोबाईलवर बुक करून देतो.’’ पाच मिनिटांत त्यानं स्वारगेटजवळची बाराशे रुपयांची खोली बुक केली. पैसे तिथं गेल्यावर द्यायचे.

आत्याबाईंनी हे ऐकलं मात्र... जपमाळ खाली ठेवून म्हणाल्या, ‘‘लॉजवर राहणार? एकटी?’’

आता हा ‘लॉज’ शब्द बघा. आपल्याकडं हॉटेल म्हणजे चहा-भज्याचं. राहायचं ते लॉज. पुरुष लॉजवर उतरला तर कामाला गेला असेल, असं म्हणतात. बाई लॉजवर उतरली म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया वर! आत्याबाईंचं तरी काय चुकलं? त्यांच्या आयुष्यात लॉज नावाची गोष्ट फक्त पेपरातल्या छाप्याच्या बातमीतच आली.

दुपारी बाराला निघाले. टेंभुर्णीच्या पुढं रस्त्यात अपघात झालेला, गाड्यांची रांग लागलेली. सातला पोचायची मी साडेदहाला स्वारगेटला उतरले. बॅग, फायलींची पिशवी, डब्यातली उरलेली शेंगाची चटणी-भाकरी. चालत चालत बुक केलेल्या ठिकाणी पोचले.

काउंटरवर पंचविशीतला मुलगा. मी बुकिंग दाखवलं, आधार कार्ड काढलं. त्यानं माझ्या मागं दाराकडं बघितलं.

‘‘सोबत कोण आहे, मॅडम?’’

‘‘कुणी नाही. मी एकटीच.’’

‘‘सिंगल लेडीजला आपण रूम देत नाही.’’

मला आधी वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, ‘‘अरे बाबा, बुकिंग आहे ना? माझ्या मुलानं केलंय.’’ तर तो म्हणतो, ‘‘मग मुलाला सोबत आणायचं ना मावशी!’’ माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. माझं वय सत्तेचाळीस. म्हणजे सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला खोली मिळण्यासाठी सतरा वर्षांचा मुलगा लागतो! मी विचारलं, ‘‘हा नियम कुठं लिहिलाय?’’ तो कसनुसा हसला. ‘‘लिहिला नाही मॅडम, मालकांचा आहे. पोलीस त्रास देतात. आणि मागं एका बाईनं खोलीत बरंवाईट करून घेतलं...’’

त्याच्याशी वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. बाहेर पडले. दोन दुकानं सोडून दुसरं लॉज. तिथला माणूस गोड बोलून म्हणाला, ‘‘फुल्ल आहे ताई.’’ मी पायरीवर उभी राहून बॅगेचा पट्टा सारखा करत होते, तोवर एक गृहस्थ आत गेले. दोन मिनिटांत त्यांच्या हातात किल्ली! माझ्याकडं बघून त्या काउंटरवरच्या माणसानं मान खाली घातली. मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या क्षणी राग नाही आला. लाज वाटली. चूक त्याची आणि लाज मला! रस्त्यावरचं कुणी बघत तर नाही ना, मी लॉजच्या पायरीवर काय करतेय असं कुणाला वाटलं तर, हेच डोक्यात. पदर नीट केला. कपाळावरची टिकली जागेवर आहे ना तेही चाचपून बघितलं. जणू माझं बाईपण नीटनेटकं असलं की मला खोली मिळणार होती.

घड्याळात अकरा वाजून गेलेले. मनात आलं, जाऊ दे, स्टँडवर बसून रात्र काढू. पहाट काय, आत्ता होईल. आणि लगेच अंगावर काटा आला. २५ फेब्रुवारी २०२५ ची ती पहाट आठवते ना? याच स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये, गावाकडं निघालेल्या एका तरुणीवर अत्याचार झाल्याची बातमी आली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. तेव्हा कितीतरी जणांनी विचारलं होतं, ‘एवढ्या पहाटे ती एकटी तिथं कशाला गेली?’ मी त्या रात्री स्वारगेटच्या रस्त्यावर उभी होते आणि मला उत्तर कळत होतं. बाई स्टँडवर असते, कारण तिला कुठंतरी जायचं असतं. आणि दार बंद असलं की ती दुसरीकडं कुठं जाणार?

शेवटी एका रिक्षावाल्या दादांना विचारलं. वयस्कर होते. म्हणाले, ‘‘बसा ताई, एक ठिकाण हाय. काउंटरला बाई असते तिथं.’’ दहा मिनिटांवरचं हॉटेल. काउंटरला खरंच एक बाई, माझ्याच वयाची. तिनं आधार कार्ड बघितलं, रजिस्टर पुढं केलं. ‘येण्याचं कारण’ या रकान्यात मी ‘कार्यशाळा’ लिहिलं. ‘सोबत’ या रकान्यात काय लिहू म्हणून थांबले, तर ती म्हणाली, ‘‘रेघ मारा, झालं!’’ पत्ता वाचून तिनंच विचारलं, ‘‘धाराशिवच्या का? मी करमाळ्याची.’’ भाडं अठराशे, वर ५ टक्के जीएसटी, एकूण १,८९० रुपये. माझ्या हिशेबात हे पैसे जास्तच होते. पण त्या वेळी ते मी असे काढून दिले, की देवीची ओटी भरताना देते!

तिनं पहिल्या मजल्यावरची, जिन्याजवळची खोली दिली. ‘‘एकटी बाई आली की मी हीच देते. काही लागलं तर फोनवर नऊ दाबा, मी सकाळपर्यंत आहे.’’

आता खोलीतलं प्रामाणिकपणे सांगते. आत गेल्यावर पहिली कडी लावली. मग वरची खिटी. मग टेबलाजवळची खुर्ची ओढून दाराला लावली. कपाटात बघितलं, पलंगाखाली बघितलं. न्हाणीघरातला आरसा, दिवा, गिझर, सगळीकडं मान वर करून कॅमेरा आहे का तेही बघितलं. घरी फोन केला. ‘‘पोचले. खोली छान आहे. जेवले.’’ दोन ठिकाणी नकार मिळाला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या वेळी ‘आता तू जाऊच नकोस’ हे ठरलेलंच होतं ना! आपल्या बायकांचे अर्धे अनुभव असेच पोटात राहतात. सांगितलं की बाहेरचं दार बंद होतं, म्हणून.

पांढऱ्या शुभ्र चादरीवर कोपऱ्यात एक डाग होता. मी दहा मिनिटं विचार केला, बदलून मागू का नको? आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरी बदलल्या. आपल्यासाठी कुणाला तरी चादर बदलायला सांगायची सवयच नाही. शेवटी नऊ दाबला. मुलगा येऊन चादर बदलून गेला. काही मोठी गोष्ट नाही, पण मला फार बरं वाटलं. दिवा मात्र चालू ठेवून झोपले.

आणि सकाळ! जाग आली तेव्हा सहा वाजले होते. खाली स्वारगेटची वाहतूक सुरू झालेली. सवयीनं उठून बसले आणि लक्षात आलं, कुणाचा डबा नाही. दूध तापवायचं नाही, नळाला पाणी आलंय का बघायचं नाही, आत्याबाईंच्या गोळ्या नाहीत. फोन करून चहा मागवला. दुसऱ्यानं केलेला चहा, तोही अंथरुणात बसून, सलग शेवटच्या घोटापर्यंत गरम! तुम्हाला हसू येईल, पण मला डोळ्यांत पाणी आलं. मग लगेच मनाला टोचलं. एवढे पैसे घालवून मी मजा करतेय का? आपलं हे असं असतं. घरच्यांसाठी खर्च केला तर संसार, स्वतःच्या झोपेसाठी केला तर चैन. हे लिहिताना सुद्धा ते ‘मजा’ लिहावं का नको, असं झालं होतं. पण लिहिते. सुख झालं होतं मला. आणि त्यात काही वाईट नव्हतं.

निघताना त्या बाईला विचारलं, ‘‘बाकीचे का देत नाहीत हो खोली?’’ ती म्हणाली, ‘‘भीती, दुसरं काय? धाडीची भीती, जिवाचं काही केलं तर त्याची भीती. पण मला सांगा, पुरुष लॉजवर जीव देत नाहीत का? म्हणून कुणी पुरुषाला खोली नाकारली का?’’

परत येताना गाडीत मी हाच विचार करत होते. आपल्या राज्यघटनेचं कलम १५ आपल्याला नागरिकशास्त्रात शिकवलेलं असतं. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून शासनानं भेदभाव करायचा नाही, इतकं पाठ असतं. पण त्याच्या दुसऱ्या पोटकलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं घेऊन सांगितलंय, की तिथं जाण्यापासून या कारणांवरून कुठल्याही नागरिकाला अडवता येणार नाही. घटना २६ जानेवारी १९५० ला लागू झाली. म्हणजे पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ ‘हॉटेल’ हा शब्द आपल्यासाठी घटनेत लिहून ठेवलेला आहे! एकट्या बाईला खोली देऊ नका, असं सांगणारा कुठलाही कायदा नाही. ओळखपत्र बघा, रजिस्टरमध्ये नोंद करा, संशय आला तर पोलिसांना कळवा. जे पुरुषाला लागू, तेच बाईला. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आहे, त्याचा धाक मालकांना वाटतो हे समजू शकतं. पण तो कायदा लॉजचा कुंटणखाना करणाऱ्याला धरतो. कामासाठी आलेल्या, नाव-पत्ता लिहून देणाऱ्या बाईला रात्री अकराला रस्त्यावर काढायला तो सांगत नाही.

आणि हे फक्त स्टँडजवळच्या साध्या लॉजचं आहे असंही नाही. २०१७ साली हैदराबादमध्ये कार्यक्रमासाठी आलेल्या, सिंगापूरला राहणाऱ्या एका कलाकार तरुणीला ऑनलाईन बुकिंग असूनही ‘एकट्या बाईला खोली नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. तिनं आवाज उठवला, म्हणून देशभर बातमी झाली. तिला इंग्रजी येत होतं, लिहिता येत होतं. आपल्या उमरग्याची, परंड्याची, भूमची बाई परत फिरते, तिची बातमी होत नाही. ती गुपचूप स्टँडवर येऊन बसते.

पुढच्या महिन्यात गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला. वाटलं होतं बायका हसतील. तर एकेक बोलायला लागली! एक जण म्हणाली, बहिणीच्या ऑपरेशनला सोलापुरात आठ रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात काढल्या, लॉजवर जायचं मनातसुद्धा आलं नाही. एकीची पोरगी पोलीस भरतीला गेली होती. पहाटे पाचला मैदानावर हजर राहायचं. पोरीनं रात्र स्टँडवर जागून काढली आणि सकाळी तशीच धावली. ‘‘पाय भरून आले होते ताई, म्हणून मागं पडली,’’ सांगताना त्या आईचा आवाज कापत होता. ती पोरगी धावण्यात कमी नव्हती. तिला आदल्या रात्री झोप मिळाली नव्हती. एका रात्रीच्या खोलीची किंमत अशी असते.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. त्याचं मोल आपल्यासारख्या जिल्ह्यातल्या बाईला विचारा! जी बाई तालुक्याच्या बाजारापलीकडं जात नव्हती, ती सोलापूर-लातूरला जाते, पोरीच्या ॲडमिशनला पुण्याला जाते. पण जायचं अर्धं तिकीट मिळालं, थांबायचं काय? जाऊन त्याच दिवशी परत येता येईल एवढंच आपलं जग ठेवायचं का? धाराशिवहून पुणं-मुंबई एका दिवसात जाऊन येऊन होत नाही. शिक्षण, परीक्षा, कोर्ट, दवाखाना, नोकरीची मुलाखत, गटाच्या मालाची विक्री, सगळ्याला मध्ये एक रात्र लागते. ती रात्र काढायची सोय नसेल तर अर्धं तिकीट अर्ध्याच वाटेपर्यंत नेतं.

गंमत बघा, बाईनं परगावी मुक्काम करणं आपल्याला नवं थोडंच आहे? आपण तुळजापूरच्या मुलखातल्या. नवरात्रात, पौर्णिमेला बायका किती लांबून येतात, पुजाऱ्यांच्या घरी, भक्तनिवासात, मोकळ्या ओसरीत राहतात. पंढरीच्या वारीत म्हाताऱ्या-कोताऱ्या पंधरा-वीस रात्री घराबाहेर काढतात. त्यांना कुणी विचारत नाही, सोबत कोण? देवाच्या नावानं बाई बाहेर राहिली तर पुण्य. कामाच्या नावानं एक रात्र राहिली तर संशय!

मुक्कामाची जागा नाकारणं ही माणसाला खाली पाडायची जुनी रीत आहे. पंढरपूरला गेलेल्या अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या वारकऱ्यांना टेकायला जागा नव्हती, म्हणून गाडगे महाराजांनी तिथं चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली आणि पुढं ती बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. दादरच्या त्यांच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण आणि नातेवाईक राहतात. ज्या माणसाकडं स्वतःचं म्हणून गाडगं आणि चिंध्या एवढंच होतं, त्याला कळलं होतं की परगावी आलेल्या माणसाला आधी काय लागतं. पाठ टेकायला चार हात जागा!

इथपर्यंत लिहून मी थांबणार होते. हॉटेलवाल्यांना चार शब्द सुनावले, झालं. पण मग ते लिखाण खोटं झालं असतं. कारण एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती माझ्याच घरची आहे.

आमच्या घराला वरती एक खोली आहे. स्वतंत्र जिना, स्वतंत्र नळ. तीन वर्षांपूर्वी एक तरुण मुलगी ती बघायला आली होती. सरकारी नोकरीत नुकतीच लागलेली, पहिली नेमणूक आमच्याकडं. खोली तिला आवडली. आत्याबाईंनी विचारलं, ‘‘सोबत कोण राहणार?’’ ती म्हणाली, ‘‘मी एकटीच.’’ आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. आणि मी, बचत गटाच्या बैठकीत स्त्री-सक्षमीकरणावर बोलणारी मी, काय म्हणाले? ‘‘आम्ही फॅमिलीलाच देतो बाई.’’ ती काही बोलली नाही. चपला घालून जिना उतरून गेली. नंतर तिनं कुठं खोली घेतली, किती वणवण केली, मी कधी चौकशीसुद्धा केली नाही.

स्वारगेटच्या त्या काउंटरवरच्या पोराचं वाक्य आणि माझं वाक्य एकच होतं. त्याला मालकाची भीती, मला गल्लीची. त्या रात्री पायरीवर उभी असताना मला ही मुलगी आठवली नाही, हे कबूल करते. आठवली ती परत आल्यावर, वरच्या खोलीत वाळवणं घालायला गेले तेव्हा. म्हणून म्हणते, बंद दाराच्या आतल्या बाजूला कधीकधी आपणच उभ्या असतो.

त्या रात्रीचं सगळं मग मी घरात सांगून टाकलं. दोन नकार, पायरी, रिक्षा, सगळं. हे गप्प झाले. मुलगा म्हणाला, ‘‘मी त्या हॉटेलबद्दल ॲपवर लिहितो.’’ लिहिलंही त्यानं. आत्याबाई मात्र बराच वेळ माळ ओढत बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘मी तुला लॉज म्हणून बोलले. पण रस्त्यावर रात्र काढण्यापेक्षा ते बरं गं.’’ गेल्या महिन्यापासून वरच्या खोलीत दवाखान्यातली एक नर्स राहते. एकटी. रात्रपाळीहून पहाटे येते. पहिले आठ दिवस गल्लीनं विचारून घेतलं. आता तिची गाडी वाजली की आत्याबाईच म्हणतात, ‘‘आली गं बाई, कडी काढ.’’

मैत्रिणींनो, मोठ्या शहरातलं हॉटेल एका दिवसात बदलणार नाही. पण चार गोष्टी आपल्या हातात आहेत. जाण्याआधी हॉटेलला स्वतः फोन करा आणि स्पष्ट विचारा, ‘एकटी महिला आहे, खोली देणार ना?’ सांगणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. आधारची प्रत द्यायची वेळ आली तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत मिळते, ती आधारच्या वेबसाईटवरून काढून ठेवा. शक्यतो रात्री उशिरा पोचायचं टाळा, पण माझ्यासारखा उशीर झालाच तर अपराधी वाटून घेऊ नका. रेल्वेनं जाणार असाल तर मोठ्या स्टेशनांवर तिकिटावर विश्रांतिकक्ष मिळतो, तोही आधी बुक करता येतो. खोलीत गेल्यावर दार, कडी, आरसा, दिवे तपासा. त्यात घाबरट म्हणवून घेण्यासारखं काही नाही. बाईचं असं खासगी चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. अडचण आली तर ११२ आणि महिलांसाठी १८१, हे दोन नंबर पोरींना पाठ करून द्या. आणि घरी आल्यावर झालेलं सगळं सांगा. पोटात ठेवू नका.

मागायचं तेही मागू या. नोकरदार महिलांसाठी वसतिगृहांची केंद्राची योजना १९७२-७३ पासून आहे, आता तिला ‘सखी निवास’ म्हणतात. पण ती महिनोन्‌महिने राहणाऱ्यांसाठी. अत्याचारग्रस्त महिलेला चार-पाच दिवस आसरा देणारी सखी केंद्रंही आहेत. मधली बाई मात्र सगळ्यांच्या यादीतून सुटलीय. जिला कसलंही संकट नाही, जिची नोकरीही त्या गावात नाही, फक्त एका रात्रीचं काम आहे, ती. मोठ्या बसस्थानकावर महिलांसाठी पैसे भरून रात्रीपुरती मिळणारी, कुलपाची, दिवाबत्तीची दहा-बारा खाटांची खोली असायला काय हरकत आहे? फुकट नको. आपण पैसे देऊ. आपल्या जिल्ह्यातल्या लॉजमालकांनीही काउंटरवर एक पाटी लावावी, ‘एकट्या महिलेला खोली मिळेल’. परगावची बाई आपल्या गावात उतरली तर तिला रात्री अकराला पदर चाचपत पायरीवर उभं राहावं लागू नये.

त्या करमाळ्याच्या बाईचा नंबर मी घेऊन ठेवलाय. आमच्या गटातल्या दोघी जणी पुढच्या महिन्यात मालाच्या ऑर्डरसाठी पुण्याला जाणार आहेत. दोघींनी आयुष्यात हॉटेल बघितलेलं नाही. परवा त्यातली एक हळूच म्हणाली, ‘‘ताई, तिथं चादर बदलून मागितली तर खरंच देतात?’’

म्हटलं, ‘‘देतात. आपण मागायची!’’